मेलिफॉन्ट : मधाच्या झऱ्याचा मठ

मिस्साबलिदानात भाकर व द्राक्षारस अर्पण केल्यावर धर्मगुरू वेदीच्या कडेला जाऊन हात धुतात. सेवक मुलगा पाणी ओततो, हातरुमाल पुढे करतो आणि आपण पुढच्या प्रार्थनेसाठी उभे राहण्याच्या तयारीत असतो. हा छोटासा विधी आपल्या नजरेतून सहज निसटतो. लॅटिन मिस्सेच्या काळात या वेळी स्तोत्र २६ मधील ओळी म्हटल्या जात. त्या ओळींचा पहिला शब्द होता ‘लावाबो’, म्हणजे ‘मी धुईन’. पुढे हात धुण्याच्या विधीला आणि मठांमध्ये हात धुण्यासाठी बांधलेल्या जागेलाही हेच नाव पडले. आयर्लंडमधील एका पडक्या मठात आज सर्वांत उठून दिसणारी वास्तू म्हणजे असाच एक लावाबो आहे. चर्चच्या भिंती गेल्या, वेद्या गेल्या; हात धुण्याची जागा मात्र निम्मी का होईना, उभी आहे.

हा मठ म्हणजे मेलिफॉन्ट. डब्लिनच्या उत्तरेस लाऊथ परगण्यात, द्रोहेडा शहराजवळ, मॅटॉक नावाच्या लहानशा नदीकाठी तो आहे. लॅटिन भाषेत या नावाचा अर्थ होतो मधाचा झरा.

मठाची कथा सुरू होते संत मलाखी यांच्यापासून. ते आर्माचे आर्चबिशप होते. त्या काळी आयर्लंडची ख्रिस्तसभा विस्कळीत झाली होती. आर्मासारख्या पहिल्या मानाच्या धर्मपीठावरही एकाच घराण्याचा वंशपरंपरागत हक्क चालत असे. ही घडी नीट बसवण्यासाठी मलाखी झटत होते. इ. स. ११३९ मध्ये ते रोमला निघाले आणि वाटेत फ्रान्समधील क्लेर्वो येथे थांबले. तेथे मठाधिपती होते संत बर्नार्ड. दोघांची मने इतकी जुळली की मलाखींनी पोप दुसरे इनोसंट यांच्याकडे क्लेर्वोतच संन्यासी म्हणून राहण्याची परवानगी मागितली. पोपमहोदयांनी ती नाकारली आणि उलट त्यांना आपला प्रतिनिधी नेमून मायदेशी पाठवले. स्वतःला राहता आले नाही, तेव्हा मलाखींनी आपल्या सोबत्यांपैकी काही जणांना शिकण्यासाठी बर्नार्ड यांच्याकडे ठेवले.

११४२ साली ही मंडळी काही फ्रेंच संन्याशांसह आयर्लंडला परतली. एरगियाला प्रांताचा राजा डोनखा ओ’कॅरल याने जमीन दिली आणि आयर्लंडमधील पहिला सिस्टर्शियन मठ उभा राहू लागला. बांधकामाची जाण असलेल्या रॉबर्ट नावाच्या संन्यासी बंधूला बर्नार्ड यांनी मुद्दाम पाठवले होते. पण आयरिश आणि फ्रेंच यांचे काही जमले नाही. थोड्याच काळात फ्रेंच मंडळी मायदेशी निघून गेली. संतांनी स्थापलेल्या घरातही भाषा आणि सवयी यांवरून खटके उडतात हे वाचून आपल्याला नवल वाटायला नको. मलाखी यांना ११४८ साली क्लेर्वोतच, बर्नार्ड यांच्या सान्निध्यात मरण आले. बर्नार्ड यांनी त्यांचे चरित्र लिहिले. त्यांच्याविषयीची बरीच माहिती आपल्याला तेथूनच मिळते.

आता वास्तूकडे वळू. मेलिफॉन्टच्या आधीचे आयरिश मठ वेगळे होते. ग्लेंडालॉक किंवा क्लॉनमॅक्नॉइस येथे आजही दिसते की एका कुंपणात अनेक लहान लहान चर्चेस, एक उंच गोल मनोरा आणि जागा मिळेल तशा झोपड्या असत. मेलिफॉन्टने नवा नकाशा आणला. आपल्याकडच्या चौसोपी वाड्यासारखा मधे मोकळा चौक, त्याच्या चारही बाजूंनी छताखालची ओसरी, आणि ओसरीला लागून सगळ्या इमारती. उत्तरेला चर्च, पूर्वेला सभागृह, दक्षिणेला भोजनगृह. सभागृहात रोज नियमावलीतील एक अध्याय वाचला जाई आणि संन्यासी आपल्या चुका सर्वांसमोर कबूल करत. कोठे जायचे हे शोधावे लागू नये, प्रार्थनेतून कामाकडे आणि कामातून प्रार्थनेकडे पावले आपोआप वळावीत, असा त्या रचनेचा हेतू होता. माझ्या मते हा नकाशा म्हणजे दगडात उतरवलेली दिनचर्याच आहे.

चर्च सुमारे ५८ मीटर लांब होते. जमीन उताराची असल्यामुळे पश्चिम टोकाला खाली तळघर बांधून पातळी साधावी लागली. आज तेथे खांबांचे बुंधे आणि पायाच्या रेषा एवढेच उरले आहे. १९५३-५४ च्या उत्खननात मूळ आराखडा समजला. क्रुसाच्या आडव्या बाहूंमध्ये लहान प्रार्थनालये होती, काही चौकोनी तर काही अर्धगोल.

लावाबो चौकाच्या दक्षिण अंगाला, भोजनगृहाच्या दारासमोर आहे. इ. स. १२०० च्या सुमारास बांधलेली ही अष्टकोनी, दुमजली वास्तू. आठांपैकी चार बाजू शिल्लक आहेत. प्रत्येक बाजूला गोल कमान आणि खांबांच्या माथ्यावर पानांचे नाजूक कोरीवकाम. मधोमध कारंजे होते आणि शिशाच्या नळांतून पाणी येई. शेतातून आलेले संन्यासी येथे हात धुऊन मगच जेवायला बसत. सिस्टर्शियन लोक साधेपणासाठी प्रसिद्ध. चित्रे नकोत, रंगीत काचा नकोत. अशा लोकांनी हात धुण्याच्या जागेवर एवढी मेहनत घ्यावी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

११५७ साली चर्चचे पवित्रीकरण झाले. बिशप, राजे, सरदार असा मोठा मेळावा जमला. जुन्या बखरी सांगतात की राजा मुर्केर्टाख मॅक लॉक्लिन याने १४० गाई आणि ६० औंस सोने दिले. डर्वोर्गिला या राणीनेही तितकेच सोने, वेदीसाठी सोन्याचा चषक आणि इतर नऊ वेद्यांसाठी वस्त्रे दिली. पाचच वर्षांपूर्वी लेन्स्टरच्या राजाने तिला पळवून नेले होते. ११९३ मध्ये तिने अखेरचा श्वास घेतला तो याच मठात.

मेलिफॉन्टच्या शाखा वाढत गेल्या. बेक्टिव्ह, बॉयल, बाल्टिंग्लास असे वीसहून अधिक मठ या कुटुंबातले. पण ११६९ नंतर नॉर्मन सैन्य आयर्लंडमध्ये उतरले आणि मठांतही दोन तट पडले. १२१६ साली वरून पाठवलेल्या तपासनिसांना मेलिफॉन्टचे दार उघडले नाही. १२२८ मध्ये स्टीफन ऑफ लेक्सिंग्टन हे इंग्लिश मठाधिपती तपासणीला आले. त्यांनी मेलिफॉन्टच्या शाखा तोडून परदेशी मठांना जोडल्या आणि फ्रेंच किंवा लॅटिन भाषेत पापनिवेदन करू न शकणाऱ्याला मठात घेऊ नये, असा दंडक घातला. मठांत शिस्त बिघडली होती हे खरे. तरी गावच्या मुलाला त्याच्या मातृभाषेमुळे दार बंद व्हावे, हा उपाय रोगापेक्षा जड होता. तोडलेल्या शाखा १२७४ साली मेलिफॉन्टला परत मिळाल्या.

१५३९ साली राजा आठव्या हेन्रीच्या हुकमाने मठ बंद झाला. पुढे मूर घराण्याने तेथे तटबंदीचा वाडा केला. १६०३ च्या मार्चमध्ये आयरिश सरदार ह्यू ओ’नील याने इंग्रजांपुढे शरणागती पत्करली ती येथेच. राणी एलिझाबेथ सहा दिवसांपूर्वीच वारली होती; ही बातमी त्याच्यापासून लपवून ठेवली होती. मूर मंडळी निघून गेल्यावर वास्तू ढासळत गेली आणि तिचे दगड आसपासच्या कामांना लागले.

याच कुटुंबातील होलीक्रॉस मठाचे भाग्य मात्र निराळे. टिपररी परगण्यातील हे चर्च दोनशे वर्षे छपराविना पडले होते. १९७० च्या दशकात त्याची दुरुस्ती झाली आणि ते पुन्हा धर्मग्रामाचे चर्च झाले. सिस्टर्शियन परंपरा आपल्या देशातही आहे. केरळमध्ये १९५८ साली सुरू झालेला कुरिसुमला आश्रम १९९८ मध्ये या संघात सामील झाला. आणि मेलिफॉन्टपासून थोड्याच अंतरावर, कॉलन गावी, १९३८ मध्ये सिस्टर्शियन संन्यासी परत आले. मठ बंद झाल्याला तेव्हा ३९९ वर्षे झाली होती. नव्या घराला त्यांनी जुनेच नाव दिले, मेलिफॉन्ट.