मन लागत नाही म्हणजे तू आळशी नाहीस

ये, बस जवळ. निकालाचं, कटऑफचं आज काही विचारणार नाही. तू फोनवर म्हणालीस ना, "ताई, कशातच मन लागत नाही, मीच आळशी झाले बहुतेक," त्यातल्या त्या 'आळशी'बद्दलच मला बोलायचंय.

सकाळी नशिराबादहून निघायचं, जळगावच्या अभ्यासिकेत दिवसभर मान खाली घालून बसायचं, दिवेलागणीला परत यायचं. तलाठ्याची जाहिरात आली की तो अभ्यास, पोलीस भरती निघाली की पहाटे मैदान. मधेच आत्या एखादं स्थळ घेऊन दारात उभी. एवढं सगळं निभावणारी मुलगी आळशी कशी असेल, माय? तुझं मन कामाला कंटाळलेलं नाही, ते कशाला तरी उपाशी आहे. ते कशाला, हे शोधू या.

बी.ए.ला तू मॅस्लोचा पिरॅमिड वहीत काढला असशील. तळाशी अन्न-पाणी-झोप, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम आणि आपली माणसं, मग मान, आणि टोकावर स्वतःतलं जे आहे ते फुलवणं. अब्राहम मॅस्लोने हा विचार १९४३ मध्ये एका लेखात मांडला. त्याच्या त्या लेखात पिरॅमिडचं चित्र नव्हतंच, ते पुढे दुसऱ्यांनी काढलं. उलट त्याने स्पष्ट लिहिलं होतं की हा क्रम काही दगडावरची रेघ नाही. बहुतेक माणसांच्या सगळ्याच गरजा एकाच वेळी थोड्या भागलेल्या आणि थोड्या राहिलेल्या असतात. पण आपल्या घरांनी त्याचा जिना करून टाकला. आधी नोकरी, मग लग्न, मग घर, आणि मन रमेल असं काही सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर!

हे खरं असतं तर बहिणाबाईंसारखी कवयित्री झालीच नसती. आसोदा काही दूर नाही आपल्यापासून. १८८० मध्ये तिथे जन्मलेली मुलगी, अक्षरओळख नाही, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींकडे आली. तिशीच्या आसपास वैधव्य, पदरात मुलं. जिन्याची खालचीच पायरी डळमळीत. तरी घरोटावर, शेतात, चुलीपुढे त्या गाणी रचत राहिल्या. ती कुणी छापावीत म्हणून नाही, बक्षीस मिळावं म्हणूनही नाही. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्यांनी त्यातली काही वहीत उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

याचा अर्थ पोटाची गरज खोटी, असा मुळीच काढू नकोस. आप्पांना तुझ्या नोकरीची काळजी वाटते ती कापसाचे भाव आणि पावसाचा लहरीपणा बघून. ती काळजी खरी आहे. पण पोट भरेपर्यंत मनाला थांबवून ठेवता येत नाही, एवढं बहिणाबाईंकडून घे.

मग मनाला लागतं तरी काय? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं या प्रश्नावर घालवली. त्यांच्या मते मनाच्या मूळ गरजा तीन. जे करतोय ते आपल्या मर्जीचं वाटणं, आपल्याला ते जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं सोबत असणं. तिन्ही असल्या की कुणी मागे लागायची गरज पडत नाही.

पटत नसेल तर गच्चीवरचे बिबडे आठव. पातेल्यात ज्वारीचं पीठ रटरटतंय, तीळ-लसणाचा वास सुटलाय, आणि तू कुणी न बोलावता हात ओले करून बसलेली. पहिला बिबडा कडेला फाटतो, दुसरा जाड होतो. चार-पाच झाल्यावर काकू म्हणते, "आता हात बसला तुझा." चारी बाजूंनी आया-बाया, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं बोलणं चाललेलं. ऊन डोक्यावर येतं तरी तू उठत नाहीस. एक रुपया मिळत नाही, तरी मन लागतं. मर्जी, जमणं, माणसं, तिन्ही तिथे आहेत. आता अभ्यासिकेतल्या खुर्चीवर यातलं काय आहे ते सांग.

आणि घरचे म्हणतात ना, "पास हो, स्कूटी घेऊन देतो," त्याबद्दलही ऐक. डेसीने १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या दिवशी प्रत्येक कोड्याचे पैसे दिले, मग बंद केले. पैसे थांबल्यावर ते मोकळ्या वेळात कोड्याकडे आधीपेक्षा कमी वळू लागले. लहान मुलांवर १९७३ मध्ये असाच प्रयोग झाला. ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांना आधी बक्षीस कबूल केलं, तर पुढे त्यांचं चित्रं काढणं कमी झालं. अचानक दिलेल्या बक्षिसाने मात्र तसं झालं नाही. म्हणून स्कूटी मिळाली तर खुशाल घे, पण तिच्यासाठी अभ्यास करू नकोस. ती कधीतरी नजरेआड होईल, आणि तिच्यासोबत अभ्यासही.

आता करायचं काय ते सांगते. वहीचं एक पान घे. ज्या परीक्षांचे फॉर्म भरलेस त्या सगळ्या लिही, आणि प्रत्येकीपुढे लिही की ही कुणी ठरवली. आप्पांनी सुचवलेली असेल आणि तुला मनापासून पटली असेल, तर ती तुझीच धर. मर्जी म्हणजे घराच्या विरोधात जाणं नव्हे. पण जी फक्त "सगळ्या मैत्रिणींनी भरला म्हणून" आहे, ती खोड.

दुसरं, रोज शंभर मार्कांची अख्खी प्रश्नपत्रिका सोडवून रोज खचू नकोस. आठवडाभर एकच घे, समज शेकडेवारी. रोज वीस उदाहरणं सोडव, चुकलेली वेगळी ठेव, रविवारी तीच परत सोडव. कालपेक्षा आज जमतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं. माझ्या "तुला जमेल गं" म्हणण्याने ते होत नाही.

तिसरं, एक तरी जोडीदारीण शोध. रिक्षात शेजारी बसणारी चालेल. तिने तुला चालू घडामोडी सांगायच्या, तू तिला गणित.

आणि हे ऐकून ठेव. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतं, असं झालं तर मला लगेच सांग. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, फुकट आणि मराठीतही. तेव्हा 'मन लागत नाही' म्हणत अंगावर काढायचं नाही.

राहिलं तुझं गाणं. पेटी कपाटावर टाकून "नोकरी लागल्यावर बघू" म्हणालीस ना? उद्याच खाली काढ. संध्याकाळची वीस मिनिटं तिची. त्याने अभ्यास बुडत नाही, उलट अभ्यासाला बसायला माणूस ताजं होतं.

रविवारी ते वहीचं पान घेऊन ये. कोणत्या परीक्षा ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे जेवणानंतर आप्पांना सांगू. मी शेजारी बसेन, अडलीस तर सावरेन. पण बोलायचं तू.