फांदी उतरवताना दोर जपा

कापडाच्या धंद्यात आम्ही धागा जाळून पारखतो. सुताची राख होते, पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी बनतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार बंधूंनी आवारातली झाडे छाटून घेताना ही परीक्षा ध्यानात ठेवावी.

फांदी बांधलेला दोर खोडाभोवतीच्या वेढ्यांतून सरकताना घर्षणाने तापतो. 100 किलोची फांदी 6 मीटर खाली आली की सुमारे 6,000 ज्यूल उष्णता निघते. दोर झपाट्याने सोडला तर ती पसरायला वेळ मिळत नाही. पॉलिप्रॉपिलीन सुमारे 165 अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉन 220 ला, पॉलिएस्टर 260 ला. पण दोराची ताकद त्याच्या बरीच आधी घटते.

उपाय साधे आहेत. फांदी लहान तुकड्यांत कापावी. दोर सावकाश, एकसारखा सोडावा. वर कप्पी लावावी, म्हणजे तो फांदीवर घासत नाही. दोरावर दोर मुळीच घासू देऊ नये. स्थिर दोर एकाच जागी तापून तुटतो. काम आटोपल्यावर दोर चाचपावा. कडक, चकाकणारा डाग लागला तर तो दोर वजनाला पुन्हा वापरू नये.

नवा दोर बाजारात मिळतो. खाली उभ्या मजुराचा जीव मिळत नाही.