मृगापूर्वी स्फुरदाचा हिशेब

वैशाख सरत आला की काटोल, वरुड, मोर्शी या भागांतील संत्रा बागाईतदाराला उसंत म्हणून राहत नाही. एकीकडे मृग बहरासाठी झाडांना दिलेला पाण्याचा ताण, दुसरीकडे नव्या लागवडीचे खड्डे, आणि या धांदलीतच खतांची पोती गोठ्याशेजारी रचून ठेवण्याची वर्षानुवर्षांची तजवीज. या पोत्यांपैकी स्फुरदाच्या पोत्यांविषयी, म्हणजे सुपर फॉस्फेट आणि डीएपी यांविषयी, येथे थोडे सविस्तर लिहावयाचे आहे. कारण नत्र हवेत उडते, पाण्याबरोबर झिरपून जाते, परंतु स्फुरद जेथे पडले तेथेच बहुतांशी ठाण मांडून बसते, आणि त्यामुळे दहा वर्षांपूर्वी केलेली सढळ खर्चाची नोंद मातीच्या दप्तरातून आजही पुसली गेलेली नसते.

असे असूनही झाड मात्र उपाशी राहू शकते, हे या द्रव्याचे वैचित्र्य होय. विदर्भाच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते चुन्याशी जखडले जाते, कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी; मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा पट्टा एकदा रिता झाला की पलीकडचे स्फुरद आपण होऊन मुळाकडे चालत येत नाही. त्यातून संत्र्याची केशमुळे विरळ आणि आखूड. ही उणीव भरून काढते ती मुळाच्या पेशींत शिरून तेथे झाडासारख्या सूक्ष्म शाखा फोडणारी, आणि डोक्याच्या केसाहूनही बारीक असे आपले तंतू मुळाबाहेर कित्येक सेंटिमीटर दूरवर धाडणारी बुरशी. बुरशी आणि मूळ यांच्या सहवासाला ‘मायकोरायझा’ हे नाव 1885 साली आल्बर्ट फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. त्यांनी पाहिलेली बुरशी वनवृक्षांच्या मुळांना बाहेरून वेढणारी होती, संत्रा, आंबा, काजू, साग यांच्या मुळांतील जात निराळी, परंतु व्यवहार तोच. बुरशीने स्फुरद आणि जस्त आणून द्यावे, झाडाने पानांत तयार झालेली साखर मोबदला म्हणून द्यावी.

आता मोबदला देणारा मोबदल्याचा विचार करणारच. मातीत स्फुरदाचा सुकाळ झाला आणि झाडाला ते विनासायास मिळू लागले, की मुळे बुरशीला बोलावणारे रासायनिक संदेश कमी सोडतात, साखरेचा हात आखडता घेतात, आणि बुरशीची वस्ती हळूहळू उठते. येथवर कोणी म्हणेल की स्फुरद मिळते आहे ना, मग बुरशी गेली तर बिघडले काय? बिघडते ते जस्ताच्या बाबतीत. बुरशीबरोबर जस्ताची वाटही अरुंद होते. पाने लहान राहतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो, आणि मालक त्यावर आणखी एक पोते डीएपीचे ओततो! याहून विपरीत औषधयोजना क्वचितच आढळेल.

उलट बाजूचा दाखला अमेरिकेतील लिंबूवर्गीय रोपवाटिकांचा आहे. रोगजंतू मारण्यासाठी तेथे वाफ्यांची माती विषारी वायूने निर्जंतुक करीत. रोग गेले, पण रोपेही खुजी राहिली, आणि त्या खुजेपणाचे मूळ मातीतील ही उपकारक बुरशी नष्ट होण्यात आहे, हे 1972 साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले.

तेव्हा स्फुरद सोडून द्यावे काय? मुळीच नव्हे, ज्या जमिनीत त्याचा खरोखर दुष्काळ आहे तेथे बेताची मात्रा झाड आणि बुरशी या दोघांनाही मानवते. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण डोळ्यांनी दिसत नाही. 50 किलोच्या डीएपीच्या पोत्यात 23 किलो स्फुरद असते आणि तेवढ्याच सुपर फॉस्फेटच्या पोत्यात 8 किलो, हे लक्षात न घेता ‘झाडामागे इतकी घमेली’ असा हिशेब मांडणे म्हणजे वजन न पाहता दाम मोजणे. झाडाच्या घेराखालून, खत टाकण्यापूर्वी, चार-सहा ठिकाणची माती एकत्र करून परीक्षणास द्यावी; अहवालात स्फुरद ‘जास्त’ आले तर यंदा ते खत पूर्णपणे थांबवावे आणि शेणखतावर भागवावे. नव्या खड्ड्याच्या तळाशी सुपर फॉस्फेटचा जाड थर देण्याची चाल बंद करावी. मायकोरायझाचे संवर्धक वापरावयाचे झाल्यास ते मुळांना लागेल असेच घालावे, वर भुरभुरून उपयोग नाही, आणि त्याच आठवड्यात आळ्यात कार्बेन्डाझिम ओतू नये. कोवळ्या बागेत आंतरपीक घ्यावयाचे तर तूर किंवा सोयाबीन बरे. कोबी आणि मोहरी यांच्या मुळांशी ही बुरशी नांदत नाही. आळ्यातील खोल खणणीही आवरावी, कारण कुदळीच्या प्रत्येक घावासरशी तंतूंचे जाळे तुटते.

मृग 7-8 जूनला लागतो. मातीची पिशवी प्रयोगशाळेत त्यापूर्वी पोचावी, आणि अहवाल हाती येईपर्यंत दुकानदाराला स्फुरदाच्या पोत्यांची मागणी कळवू नये, एवढी बागाईतदारांस विनंती आहे.