आमच्या हापशाला पहाटे पाणी उशिरा का येते?



आमच्या गावच्या हापशाला दिवसा दोनदा हापसले की पाणी येते. पण पहाटे जो पहिला जातो त्याला २४-२५ वेळा हापसावे लागते. तोपर्यंत नुसता खडखडाट! म्हणून पहिले जायला कुणी मागत नाही. बाया घागर घेऊन दारात थांबतात आणि दुसऱ्या कुणी हापसायला सुरुवात केली का ते ऐकतात. शेवटी आमच्या शेजारची आजीच पहिली जाते. गावात सगळे म्हणतात, बोअर आटत चालला. हे खरे आहे का, असे आम्ही गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "मला विचारू नका, हापशाला विचारा."

आधी हापसा कसा चालतो ते सांगतो. आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, रसवंतीत नळीने रस ओढतो तसे हापसा पाणी ओढतो. गुरुजी म्हणाले, नळीतसुद्धा आपण रस ओढत नाही. आपण नळीतली हवा काढून घेतो, मग बाहेरची हवा पेल्यातल्या रसाला दाबते आणि रस वर चढतो. हवेला वजन असते. इटलीतल्या टॉरिसेली नावाच्या शास्त्रज्ञाने हे १६४४ साली एका पत्रात लिहिले होते. पण हवेचे बळ संपते. ती पाण्याला सुमारे १० मीटरच वर ढकलू शकते. आमच्या बोअरचे पाणी २४ मीटर खाली आहे, म्हणजे ८० फूट. तिथून पाणी ओढून येणारच नाही. भीम आला तरी नाही.

मग ते येते कसे? तर उचलून. खाली पाण्यात बुडालेले एक नळकांडे असते. त्यात दट्ट्या असतो. दट्ट्याला एक झडप आणि नळकांड्याच्या तळाला दुसरी झडप. दोन्ही झडपा पाण्याला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. आपण दांडा खाली दाबला की साखळी सळईला ओढते, सळई दट्ट्याला ओढते, आणि वरचे सगळे पाणी एक पायरी चढते. दांडा वर नेला की दट्ट्या नुसता खाली जातो. त्या वेळी पाणी जागच्या जागी थांबते, कारण तळाची झडप मिटलेली असते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या पाण्याचा आणि सळयांचा मिळून भार गुरुजींनी फळ्यावर काढला. तो सुमारे १०५ किलो आला. एवढे आजी कसे उचलते? आम्ही दोरीने दांडा मोजला. खिळीपासून हातापर्यंतची बाजू साखळीकडच्या बाजूच्या आठपट भरली. १०५ ला ८ ने भागले की १३ किलो. त्यात दांड्याचे वजनही मदत करते. पण फुकट काही मिळत नाही. हात एक मीटर फिरतो तेव्हा दट्ट्या साडेबारा सेंटीमीटरच चढतो. आम्ही पोरे दांडा अर्धाच हलवतो, म्हणून आमची बादली लवकर भरत नाही. आई ओरडते ते बरोबरच आहे.

हा हापसा इंडिया मार्क दोन जातीचा आहे. पूर्वी बिडाचे पंप असायचे, ते गावाच्या वापराला टिकत नसत. मग जालना आणि सोलापूर येथे पोलादी पंप तयार झाले. सोलापूरच्या पंपावरून १९७० नंतर हा पंप निघाला आणि त्याला युनिसेफची मदत झाली. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा त्यात वाटा आहे.

आता मुख्य प्रश्न. आम्ही १५ लिटरची बादली घेतली आणि दांडा पुरा हलवून मोजले. दिवसा पाणी चालू असताना ४० वेळा हापसल्यावर बादली भरली. एका वेळेला ४०० मिलीलिटरला थोडे कमी. गुरुजी म्हणाले, हापसा नवा असताना एवढेच देतो. मग बोअर आटला कसा म्हणायचा?

माझी मैत्रीण म्हणाली, रात्री पाण्याची पातळी खाली जात असेल. पण रात्री तर कुणी उपसत नाही, उलट पातळी सावरते. आणि पाइप जर वरपर्यंत भरलेला राहिला तर पहिल्याच दाबाला पाणी पडायला हवे. म्हणजे पाइपच रिकामा होतो! मग रविवारी दुपारी आम्ही सगळ्यांना विनवून हापसा बंद ठेवला. एक तासाने हापसले तर तिसऱ्या वेळेला पाणी आले. नंतर दोन तास थांबलो तर सहाव्या वेळेला. (तोपर्यंत सात घागरी रांगेत होत्या आणि आम्हाला बोलणी बसली.) रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे आठ तास. आठ त्रिक चोवीस. बरोबर जुळले.

२५ वेळा म्हणजे सुमारे १० लिटर पाणी. पाइपच्या एका मीटरात साधारण एक लिटर मावते. म्हणजे रात्रीतून १० मीटर पाइप रिकामा होतो. ते पाणी वाया जात नाही, परत बोअरमध्येच उतरते. पण आजीला ते दुसऱ्यांदा उचलावे लागते.

दट्ट्याचे वॉशर फार झिजले असते तर दिवसाही बादलीला ४० पेक्षा जास्त वेळा हापसावे लागले असते. तसे नाही. म्हणून तळाची झडप नीट मिटत नसावी, नाहीतर पाइपचा एखादा जोड गळत असावा. दोन्हींपैकी काय ते पाइप वर काढल्यावरच कळेल. हे सगळे आकडे आम्ही एका कागदावर लिहून सरपंचकाकांना दिले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मिस्त्रीला बोलावतो म्हणाले. मिस्त्री येईल त्या दिवशी चौथीचा वर्ग हापशावर भरणार आहे. दुरुस्तीनंतर आम्ही पुन्हा मोजू आणि आकडे याच ठिकाणी लावू.