वधस्तंभावरून सुटलेला हात

आपल्या वऱ्हाडांतील जुन्या वाड्यांचे कोरीव सागवानी खांब तुम्हीं पाहिले असतीलच. लाकडावरील अशाच कारागिरीनें पवित्र शास्त्रांतील प्रसंग कसा साकार होतो, हें पाहावयाचें असेल तर जुन्या गोव्यांत असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्यें जावें. हें चर्च प्रथम १५२१ सालीं झालें. आजची इमारत १६६१ ची आहे. जुन्या इमारतीचें काळ्या दगडाचें प्रवेशद्वार मात्र जतन केलें आहे.

मुख्य वेदीवर चार शुभवर्तमानकारांनीं एक पवित्र संपुट तोलून धरलें आहे. त्याच्या वर वधस्तंभावरील ख्रिस्त व त्याला बिलगलेला फ्रान्सिस अशा दोन भव्य मूर्ति आहेत. खालीं दारिद्र्य, नम्रता व आज्ञापालन हीं तीन व्रतें कोरलेलीं आहेत.

येथें एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल, “गुरुजी, हें चुकलें!” त्याचें म्हणणें रास्त आहे. योहानाच्या १९ व्या अध्यायांत वधस्तंभापाशीं येशूची आई व त्याचा प्रिय शिष्य उभे आहेत. फ्रान्सिस तर १२२६ सालीं वारला. शिवाय येथें प्रभूचा एकच हात खिळलेला असून दुसरा फ्रान्सिसच्या खांद्यावर आला आहे. असें शास्त्रांत कोठेंच नाहीं.

परंतु मध्ययुगांतील साधक शुभवर्तमान वाचतांना स्वतःस त्या प्रसंगांत उभे करीत. संत बर्नार्डविषयींही अशीच आख्यायिका आहे. १६६८ च्या सुमारास स्पेनमधील सेव्हिल येथें मुरिल्यो या चित्रकारानें फ्रान्सिसचें हेंच आलिंगन रंगविलें. तेव्हां शिल्पकारानें इतिहास बिघडविला नाहीं. त्यानें एका भक्ताचें वाचन लाकडांत उतरविलें, असें मला वाटतें. आमच्या साध्या उपासनामंदिरांत मूर्ति नसतात, तरी हा हात मला परका वाटत नाहीं.

आतां कारागिरीविषयीं थोडेंसें. मोठी मूर्ति अखंड लाकडाची केल्यास वाळतांना तडकते. म्हणून अशा कामांत फळ्या जोडीत किंवा मूर्ति पाठीमागून पोखरीत. मुलामा द्यावयाच्या भागांवर खडू व सरस यांचे लेप चढवीत, त्यांवर तांबूस मातीचा हात देत आणि मग सोन्याचा वर्ख बसवून गुळगुळीत दगडानें घोटीत. वर्खाखालच्या मातीचा तांबूसपणाच त्या सोन्यास ऊब देतो.

सहलीस गेलांत तर प्रथम दृष्टि त्या सोन्याकडेच जाईल. ती निवली कीं वर पाहा, आणि कोणता हात सुटला आहे तें मला येऊन सांगा.