गावाच्या मालकीची वीज: पॅनल नंतर, आधी गिऱ्हाईक शोधा



मागच्या बॅचमधल्या एका मुलाने मला विचारलं, "सर, गावातल्या 40 जणांकडून 25-25 हजार काढले तर 10 लाख होतात. सोलर टाकू, वीज विकू, नफा वाटून घेऊ. चालेल ना?" मी म्हटलं, "विकणार कोणाला?" पोरगा गप्प झाला. व्हिडिओत हा विषय घाईत उरकला, आकडे राहून गेले. म्हणून इथे जरा नीट बसून बघू.

आधी जमलेलं उदाहरण. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचं गाव आहे. तिथे 2016 मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. आधी ते डिझेल इंजिनावर पाणी उपसायचे. आता पंप सूर्यावर चालतो आणि पंप बंद असेल तेव्हा वीज लाईनवर जाते. वीज कंपनीने 25 वर्षांचा करार केला, दर युनिटला 4 रुपये 63 पैसे. बदल्यात सभासदांनी सवलतीच्या शेतीपंप कनेक्शनवरचा हक्क सोडला. हा सौदा लक्षात ठेवा, फुकट काही मिळालेलं नाही.

आता आपलं गणित करू. अंदाजाने धरा, 1 किलोवॅटचं पॅनल वर्षाला 1400 युनिट देतं. 8 किलोवॅट म्हणजे 11,200 युनिट. निम्मी वीज शेताला लागली, निम्मी म्हणजे 5,600 विकली, तर ढुंडीच्या दराने 25,928 रुपये. म्हणजे महिन्याला साधारण 2,100. वाईट नाही, पण यातून पॅनलचा पूर्ण खर्च निघायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच मांडा. ढुंडीत भांडवलाचा मोठा भाग आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्था आणि टाटा ट्रस्ट यांच्या संशोधन कार्यक्रमातून आला होता, शेतकऱ्यांचा हिस्सा लहान होता. यूट्यूबवरच्या यशोगाथांमध्ये नेमकी हीच ओळ गाळतात!

तरी ढुंडीकडून शिकायच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, वीज कंपनी सहा जणांशी सहा व्यवहार करत नाही. सगळ्यांची वीज एका ठिकाणी मोजली जाते, पैसे मंडळीला येतात आणि प्रत्येकाच्या मीटरप्रमाणे वाटले जातात. म्हणजे हिशेब लिहिणारा माणूस हाच खरा प्लांट. दुसरी गोष्ट पाण्याची. नुसता सौर पंप दिला की पाणी फुकट वाटतं आणि माणूस दिवसभर उपसतो. वीज विकता येते म्हटल्यावर प्रत्येक तास पंप चालवण्याची किंमत कळते.

आता फसलेलं. बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातलं धरनई. 2014 मध्ये तिथे ग्रीनपीसच्या पुढाकाराने 100 किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड उभा राहिला. गावात आनंदीआनंद! मग सरकारी वीज आली, तीही स्वस्त. लोकांनी हळूहळू तिकडे तोंड फिरवलं. बॅटऱ्या निकामी झाल्या, बदलायला पैसा नव्हता. पुढे त्या आवारात गुरं बांधल्याच्या बातम्या आल्या. मला यात लोकांची चूक दिसत नाही. तीच वस्तू शेजारच्या दुकानात स्वस्त मिळाली तर तुम्ही तरी काय कराल? चूक एवढीच की बॅटरी बदलायचा निधी पहिल्या दिवसापासून बाजूला पडला नाही, आणि ग्रिड आला तर काय, याचं उत्तर कागदावर नव्हतं.

आपल्याकडचा अनुभवही आहे बरं का. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे 40 वर्षं नगर जिल्ह्याच्या काही भागात वीज वाटली. 2011 मध्ये ते काम महावितरणकडे गेलं. घाऊक विजेची थकबाकी आणि तिच्यावरून झालेले वाद, हा त्या गोष्टीचा मोठा भाग. सहकार असो की कंपनी, वसुली ढिली पडली की वायर कोणाची हा प्रश्न उरत नाही.

मग करायचं काय? मला सर्वात आवडतं ते तमिळनाडूतलं ओडन्तुरै. कोइम्बतूर जिल्ह्यातली ही ग्रामपंचायत. पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीचं बिल डोईजड झालं, म्हणून 2006 मध्ये बचत आणि बँकेचं कर्ज मिळून 1 कोटी 55 लाखांची 350 किलोवॅटची पवनचक्की घेतली. तीही गावापासून लांब, वारा जिथे आहे तिथे. पंचायतीला लागते त्यापेक्षा जास्त वीज तयार होते, उरलेली वीज मंडळाला विकून कर्ज फेडलं. इथे पहिलं गिऱ्हाईक पंचायत स्वतःच होती!

पुढची वाट मला हीच दिसते. केंद्राच्या 2019 च्या पीएम-कुसुम योजनेच्या अ घटकात शेतकरी गट, सहकारी संस्था, पंचायती, उत्पादक कंपन्या यांना 500 किलोवॅट ते 2 मेगावॅटचे प्रकल्प घेऊन वीज कंपनीला 25 वर्षांच्या कराराने विकता येते, अशी रचना केली गेली. 10 लाखांत हे होत नाही, बँक लागतेच. पण 10 लाखवाल्याला काम नाही असं नाही. पॅनल धुणं, इन्व्हर्टरची देखभाल, मीटर वाचन, सभासदांचे हिशेब, या सगळ्याला गावातच माणूस लागतो. प्लांटचा मालक होण्याआधी अशा चार प्लांटचा सेवा ठेकेदार व्हा, असं मी त्या मुलाला सांगितलं. त्याचा चेहरा जरा पडला, पण वही उघडली.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या ग्रामपंचायतीचं पाणीपुरवठा आणि पथदिव्यांचं मागच्या 12 महिन्यांचं वीजबिल मिळवा. युनिट किती, रक्कम किती, थकबाकी किती, तीन रकाने करा. सरपंचांना आधी फोन करून जा, एकदम फाईल मागू नका. पुढच्या व्हिडिओत याच आकड्यांवरून बँकेसाठी प्रकल्प अहवाल कसा लिहायचा ते करू.