घरातील वाय-फाय आणि रेंज एक्स्टेंडर : दोष शोधण्याची रीत

बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा ही 2007 पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी ती महानगरात विलीन झाली. बाह्यवळण रस्ता आणि व्हाइटफील्ड यांच्या दरम्यान माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये उभी राहिली आणि त्यांच्या पाठोपाठ बहुमजली गृहसंकुले आली. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली अनेक मराठी कुटुंबेही या परिसरात स्थिरावली. 2020 च्या टाळेबंदीत या सदनिकांतील शयनकक्षांचीच कार्यालये झाली. आज एकाच वाय-फायवर मुलाची कार्यालयीन बैठक, नातीचा अभ्यास आणि निवृत्त आजोबांचा हयातीचा दाखला अशी सारी कामे चालतात. त्यामुळे वाय-फाय वारंवार तुटणे ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही. त्यात वेळ जातो आणि प्रसंगी पैशाचा व्यवहारही अडकतो.

अशा घरातील नेहमीचे चित्र पुढीलप्रमाणे असते. फायबरची तार प्रवेशद्वाराजवळून आत येते, म्हणून राउटरही तेथेच बसविला जातो. शेवटच्या खोलीत सिग्नल पोहोचत नाही, म्हणून रेंज एक्स्टेंडर विकत आणला जातो आणि त्याच खोलीत लावला जातो. मोबाइलवर वाय-फायच्या साऱ्या रेषा भरलेल्या दिसतात, परंतु संकेतस्थळ काही उघडत नाही. मग दोष उपकरणाला दिला जातो.

एक्स्टेंडर नेमके काय करतो?

एक्स्टेंडर स्वतः इंटरनेट निर्माण करीत नाही. राउटरकडून जे ऐकू येते तेच तो पुन्हा उच्चारतो. ज्या खोलीत मुळात क्षीण सिग्नल येतो तेथे तो लावल्यास तो क्षीण जोडणीच मोठ्या आवाजात पुढे पाठवितो. मोबाइलवरील रेषा केवळ मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यातील अंतर सांगतात. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यातील जोडणी कशी आहे, हे त्यांवरून कळत नाही.

दुसरी मर्यादा वेगाची आहे. एकाच पट्ट्यावर चालणाऱ्या एक्स्टेंडरला प्रत्येक माहिती आधी ऐकावी लागते व नंतर पुन्हा पाठवावी लागते. ही दोन्ही कामे एकाच वेळी होत नाहीत. परिणामी वेग जवळपास निम्मा होतो. हा उपकरणातील बिघाड नसून त्याच्या कार्यपद्धतीचा भाग आहे.

दोषनिवारणाचे टप्पे

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम तपासावा. चार बदल एकदम केल्यास कोणत्या उपायाने गुण आला हे समजत नाही.

1. मूळ जोडणी तपासावी. एक्स्टेंडर बंद करून राउटरच्या शेजारी, शक्य असल्यास तारेने जोडलेल्या संगणकावर, वेग पाहावा. तेथेही तो कमी असेल किंवा फायबरच्या उपकरणावर तांबडा दिवा लागला असेल, तर तक्रार सेवा पुरवठादाराकडे करावी. अशा वेळी एक्स्टेंडर हलवून काहीही साधत नाही.

2. विजेकडे लक्ष द्यावे. वीज गेल्यावर संकुलाचे जनित्र सुरू होईपर्यंतचे काही क्षणही राउटर बंद पडण्यास पुरेसे असतात. पूर्ववत होण्यास त्याला काही मिनिटे लागतात. राउटर व फायबरचे उपकरण यांच्यासाठी लहान यूपीएस घेतल्यास ही तक्रार दूर होते. वीज आल्यानंतर एक्स्टेंडर जोडला न गेल्यास राउटर पूर्ण सुरू होऊ द्यावा आणि मगच एक्स्टेंडर बंद करून पुन्हा लावावा.

3. जागा बदलावी. एक्स्टेंडरची योग्य जागा सिग्नल संपतो तेथे नसून तो अद्याप चांगला असतो तेथे, म्हणजे साधारणतः राउटर आणि अडचणीची खोली यांच्या मध्यावर असते. सिग्नल मोजणारे ॲप वापरल्यास त्या जागी राउटरचा सिग्नल उणे 67 डेसिबल-मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहून चांगला असावा. उणे 50 हा उत्तम, तर उणे 80 हा जवळजवळ निरुपयोगी समजावा. दूरचित्रवाणी संच, फ्रिज, लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याची टाकी यांच्या आड उपकरण ठेवू नये. अनेक नव्या इमारतींत विटांऐवजी सळयांसह ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या रेडिओ लहरींना अधिक अडवितात. अशा घरात एक्स्टेंडर खोलीत न लावता मार्गिकेत, दाराच्या सरळ रेषेत लावणे हितावह ठरते.

4. पट्टा व चॅनेल पाहावे. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला, तर 5 गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा 2018 मध्ये. पहिल्याच्या लहरी दूरवर व भिंतींपलीकडे अधिक पोहोचतात, परंतु दाट वस्तीच्या संकुलात तेथे शेजाऱ्यांच्या जाळ्यांची गर्दी असते. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात व्यत्यय आणते. त्यातील 1, 6 आणि 11 ही तीनच चॅनेले परस्परांवर अतिक्रमण करीत नाहीत. त्यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल राउटरवर निवडावे. एक्स्टेंडर राउटरचेच चॅनेल स्वीकारतो. दोन पट्ट्यांचा एक्स्टेंडर असल्यास व अंतर बेताचे असल्यास, राउटरशी जोडणीसाठी 5 गिगाहर्ट्झ आणि खोलीतील उपकरणांसाठी 2.4 गिगाहर्ट्झ अशी विभागणी करून पाहावी.

5. नाव वेगळे ठेवून तपासावे. मोबाइल अनेकदा जवळच्या एक्स्टेंडरऐवजी दूरच्या राउटरलाच चिकटून राहतो. एक्स्टेंडरच्या जाळ्याला तात्पुरते निराळे नाव दिल्यास मोबाइल कोठे जोडलेला आहे हे स्पष्ट होते. राउटरचा पासवर्ड बदलला असल्यास तो एक्स्टेंडरलाही नव्याने द्यावा लागतो.

6. पत्त्यांचा गोंधळ टाळावा. जुना राउटर एक्स्टेंडर म्हणून वापरल्यास दोन्ही उपकरणे घरातील जाळ्याचे पत्ते वाटू लागतात. मग ‘जोडले आहे, परंतु इंटरनेट नाही’ असा संदेश दिसतो. दुसऱ्या उपकरणातील पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी.

एवढे करूनही समाधान न झाल्यास राउटरपासून तार ओढून एक्स्टेंडरला ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडावे. पुष्कळ एक्स्टेंडरमध्ये ही सोय असते. तारेमुळे निम्म्या वेगाचा प्रश्नच उरत नाही. तार ओढणे अशक्य असल्यास मेश पद्धतीच्या संचाचा विचार करावा. मात्र त्यातही जागेचा नियम तोच राहतो.

व्यवहार मध्येच तुटल्यास

महत्त्वाचा व्यवहार करताना, शक्य असल्यास, वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा वापरावा. व्हिडिओद्वारे केवायसी करताना संपर्क पूर्णपणे तुटल्यास नव्याने सत्र सुरू करावे लागते, म्हणून त्यासाठी राउटरजवळची खोली निवडावी.

पैसे पाठविताना पडदा थांबला तर तीच रक्कम लगेच पुन्हा पाठवू नये. जोडणी तुटण्यापूर्वीच आदेश बँकेपर्यंत पोहोचलेला असू शकतो, आणि मग रक्कम दोनदा जाते. आधी व्यवहाराची स्थिती व खात्यातील शिल्लक तपासावी आणि संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, यूपीआयद्वारे पाठविलेली रक्कम खात्यातून वजा होऊन लाभार्थीस न मिळाल्यास ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत जमा व्हावी लागते. दुकानातील देयकाच्या बाबतीत व्यापाऱ्यास पुष्टी न मिळाल्यास ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढील विलंबासाठी ग्राहकास दररोज 100 रुपये भरपाई देय असते.

दुरुस्तीच्या घाईत सुरक्षेचाही विसर पडू नये. एक्स्टेंडरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा आणि डब्ल्यूपीए 2 अथवा डब्ल्यूपीए 3 संरक्षण ठेवावे. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या अनोळखी ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर विसंबून मोबाइलचा पडदा कोणालाही दाखवू नये. फसवणूक झाल्यास बँकेला त्वरित कळवून 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नवे उपकरण घेण्यापूर्वी जुनेच योग्य ठिकाणी लावून पाहावे. पुष्कळ घरांत एक्स्टेंडर शयनकक्षातून मार्गिकेत आणताच तक्रार मिटते, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.